गजाचा ठेका

६ फेब्रुवारी २००५, रविवार
कॉम्प्युटरवरची चादर आज काढली. वर्षभर हात लावला नव्हता.
राघ्या सकाळीच आला होता. अवि आणि तो मिळून आवाजांचे तुकडे जोडून गाणी करायचे, त्यातलं एक अर्धं राहिलंय. "वहिनी, तेवढं पुरं करू की. पुढच्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध. अप्पांना ऐकवू." अप्पा आत होते. मुलाचं नाव निघालं की सासरे पेपर तोंडापुढं धरतात.
गाण्यात आहे काय, तर दुकानात कापड टर्रकन फाडल्याचा आवाज. केलगेरीच्या तळ्यावर धुणं आपटल्याची थाप. आणि मी म्हटलेली आईची अंगाई. तिला अविचा ठेका, दाजीबानपेठेतल्या आमच्या काउंटरवर, कापड मोजायच्या लोखंडी गजाने. हे सगळं एकावर एक बसवायचं तर आधी अंगाईची लय किती, ते एका आकड्यात हवं. मिनिटाला किती ठोके. ते सांगणारी सॉफ्टवेअरं फुकट मिळतात म्हणे.
मला यातलं ओ की ठो कळत नाही. शिकेन. पोरांना भूमिती शिकवते, हे काय मोठं.

९ फेब्रु., बुध.
शाळा सुटल्यावर नेट कॅफे. तीन सॉफ्टवेअरं सीडीवर घेऊन आले.
पहिलं म्हणतं ८४. दुसरं म्हणतं १६८. एकाच तुकड्याला! राघ्याला फोन. "दुसरं दुप्पट मोजतंय. होतं तसं. बिड्री, सोडा ते, वहिनी." सोडलं. तिसऱ्याचा आकडा एका जागी ठरेचना, ओळीगणिक वर चढतो. मशीनला शिव्या घातल्या.
मग नीट ऐकलं. मशीनचं काही चुकत नाहीये. अवि पळतोय.
पळायचाच तो. मी म्हणतेय तेसुद्धा टेपमध्ये आहे, "अरे, घोड्यावर बसलायस का?" हसतो. दोन ठोके शहाण्यासारखे देतो. परत सुटतो. मेल्या.
जेवण गेलं नाही.

१३ फेब्रु., रवि.
राघ्या खुशीत आला. दुसरीकडून काहीतरी आणलंय, तेही फुकट. त्यात ८४ घातलं की पुढेमागे झालेले ठोके आपोआप जागेवर सरकतात. "आता बघा कसं बसतंय!"
बसलं खरं. कापड टर्र, थाप, गज, सगळं एका रेषेत. मी परत परत ऐकलं. हा कोण वाजवतोय? अवि एवढा शहाणा कधी होता?
"राघ्या, हा तो नव्हे."
"वहिनी, गाणं तर व्हायला पाहिजे की नको?"
जोरात ओरडले त्याच्यावर. बिचारा चहा न घेता गेला. त्याचाही दोस्तच होता, माझ्या एकटीचं दुःख आहे का?

१६ फेब्रु., बुध.
मूळचा तुकडा लावला होता. अप्पा दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. मी बंद करायला गेले. "राहू दे."
ऐकून झाल्यावर म्हणाले, "मोजतानाही हीच घाई. गज सरकवायचा भराभर, दर मीटरला चार बोटं जास्ती जायची. किती रागावलो असेन. बायका त्याच्याकडंच यायच्या ब्लाऊजपीसला."
आम्ही दोघं हसलो. मग अप्पा रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, स्मशानातून आले तेव्हाही नाही.

२० फेब्रु., रवि.
ठरलं. तिसरं सॉफ्टवेअर ठेवणार. ते ओळीओळीला खरं सांगतं. बाकीचे तुकडे अविच्या मागं पळवायचे, त्याला नाही ओढायचं. राघ्याला घरी जाऊन सांगितलं. आधी हात जोडले, चहा घेतला, मग भांडण.
"तसं बसवायला जन्म जाईल, वहिनी."
"मला दुसरं काय काम आहे?"
 मग म्हणाला, पहिलं कडवं मी बसवतो. पण दुसरं कुठाय?

२७ फेब्रु., रवि.
दुसरं नाहीच. त्या रविवारी बंद दुकानात पहिलं टेप झालं आणि दार ठोठावत गिऱ्हाईक आलं, मॅचिंग अस्तर हवं म्हणून. अवि म्हणाला, "उरलेलं पुढच्या रविवारी." गुरुवारी बायपासवर ते झालं.
आज म्हटलं. माइक समोर, दार लावून. मधे आवाज फुटला, पण शेवटपर्यंत म्हटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तोंडातून सूर निघाला.
मग तो तुकडा तिसऱ्यात घातला. बराच वेळ फिरत राहिलं. ठेका सापडला नाही, म्हणतं. परत घातला. तेच.
कसा सापडणार? मी एकटीच गातेय.
दार उघडलं तर अप्पा बाहेर. हातात दुकानातला गज. आज दुकान बंद, म्हणजे मुद्दाम जाऊन आणलेला. "मी देऊ का ठेका?"
अप्पा भजनी मंडळात टाळ धरायचे. त्यांचा हात एक केसभर इकडंतिकडं होत नाही. अडचण तीच, तो अविसारखा पळणार नाही.
"उद्या बघू, अप्पा," एवढंच म्हणाले. गज टेबलावर ठेवून ते झोपायला गेले. म्हातारा माणूस, काय वाटलं असेल?
उद्या त्यांना काय सांगू, अवि?