शिलेदार उजवीकडून चढायचा

२ नोव्हेंबर १९९७, रविवार

नव्या सिनेमाचं पोस्टर लागलं! सुप्याच्या स्टँडवर, रसवंतीच्या भिंतीला. किती वर्षं वाट पाहिली — आणि रंग काळा! वरून खालपर्यंत काळं चामडं. 'निळा शिलेदार' या नावातला निळाच उडवलाय, आता नुसता 'शिलेदार'. उद्या वडापावातला वडा काढतील आणि नुसता पाव विकतील.

जुना सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता हे मला माहीत आहे, कुणी शिकवू नये. पण पोस्टर निळं होतं. आमच्या वस्तीतली सगळी पोरं तेवढ्यावरच त्याला आपला मानायची. जत्रेच्या तंबूत तो पडद्यावर आला की एकच ओरडा — "आला आपला निळा!"

गहिनीनाथ कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर असतो. तो म्हणाला, "रंगाचं काय घिऊन बसला? घोडं तर हाय ना?"

पोस्टरवर घोडा नाही. मोटारसायकल आहे.

५ नोव्हेंबर

कुणी विचारत नाही, तरी इथे लिहून ठेवतो. शिलेदार म्हणजे काय? एक — मुखवटा चढला की तो बोलत नाही. अवाक्षर नाही. घरी असतो तेव्हा बडबड्या भित्रा गुरुजी, आणि मुखवटा चढला की मुका. दुसरं — भंडारदऱ्याची ती दरी. धनगराने दिलेली गारगोटी मुठीत, घोड्याला टाच, आणि उडी! आणि तिसरं म्हणजे तो घोड्यावर उजवीकडून चढतो. सगळं जग डावीकडून चढतं, हा उजवीकडून. का, ते सिनेमात कुठेच सांगितलेलं नाही. त्यातच तर मजा! आम्ही वस्तीतल्या गाढवावरसुद्धा उजवीकडूनच चढायचो, आणि लाथा खायचो.

शूटिंग भंडारदऱ्याला झालं, आईच्या माहेरी. आजोबा तिथे धरणावरच्या साहेबांची घोडी सांभाळायचे. म्हणजे सिनेमावाल्यांना घोडी त्यांनीच दिली असणार! आईला किती वेळा विचारलं असेल, शूटिंग पाहिलंस का? उत्तर ठरलेलं — "लई गर्दी हुती. धुराळा उडायचा." संपलं. तिला सिनेमाचं वावडंच. लहानपणी मला तंबूत घेऊन जायची खरी, पण दरीवरची उडी आली की पदर सावरून उठायची आणि बाहेर जाऊन उभी राहायची. ज्यासाठी लोक तिकीट काढतात नेमकं तेच सोडून!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नगरला पहिल्या दिवशी पहिला खेळ. मी आणि गहिनीनाथ रजा टाकून गेलो. गेलो नसतो तर बरं झालं असतं.

टॉकीज गच्च होती. माझ्या वयाचे बाप्ये, काहीजण आपापल्या पोरांना घेऊन आलेले. नाव पडद्यावर आलं तेव्हा शिट्ट्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. मग पहिली माशी शिंकली. शिलेदार बोलला! मुखवटा घालून बोलला, आणि एकदा बोलायला लागला तो थांबेचना. आवाज घोगरा, कुठल्यातरी मशीनमधून काढल्यासारखा. मागून एकजण म्हणाला, "याचं तोंड कुनी उघडलं रं?" सगळे हसले. मीही हसलो.

गारगोटी नाही. धनगर नाही. ताकद येते ती कसल्याशा प्रयोगशाळेत काचेची बरणी फुटून! मध्यंतरापर्यंत घोड्याचं नाव नाही. मध्यंतरानंतर घोडा आला तेव्हा लोक उठून उभे राहिले, मीही राहिलो. शिलेदार धावत आला — आणि डावीकडून चढला. डावीकडून! मी "अरे!" म्हणून ओरडलोच. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "काय झालं? पाय दिला का कुनी?" काय सांगणार त्यांना!

आणि शेवटी मुखवटा निघाला. आत बाई.

मग जे सुरू झालं! कुणी "पैसे परत!", कुणी "बंद करा!", कुणीतरी पडद्यावर चप्पल भिरकावली. गहिनीनाथ तर खुर्चीवर उभा राहून — "आरं बाई केली का आमच्या शिलेदाराची!" बाल्कनीतून मात्र टाळ्या येत होत्या. मान वर करून पाहिलं तर कॉलेजच्या पोरी. अंगाचा तिळपापड झाला.



२२ नोव्हेंबर

झोप नाही. बाई!

२६ नोव्हेंबर

कँटीनमध्ये रोज तोच विषय. रंगाबद्दल, बोलण्याबद्दल सगळे माझ्यासारखेच चिडलेत. पण चढण्याचं सांगितलं तर माझ्याकडे असे बघतात की जणू मला ताप आलाय. पेपरला पत्र पाठवलं होतं — 'उजवी बाजू का सोडली?' ते छापलं नाही. त्या जागी कोथिंबिरीच्या भावाबद्दलचं छापलंय.

पॅकिंगमधल्या बायका मात्र गट करून बघायला चालल्यात म्हणे. घ्या! ज्यांनी जुना पाहिला नाही त्या नवा बघणार आणि वर चांगला म्हणणार.

३० नोव्हेंबर, रविवार

घरातच फितुरी! माझी पाळी दुपारची. तेवढ्यात बायको, पोरगी आणि आई — तिघी पॅकिंगवाल्यांबरोबर टेम्पोत बसून नगरला जाऊन आल्या. आईसुद्धा!

सीमा उजळ तोंडाने सांगते, "आवो, सगळ्या बायाच बाया. मुखवटा निघाला तर पोरींनी काय शिट्ट्या मारल्या! आपली अश्विनी पन मारायला शिकली." अकरा वर्षांची पोर, शिट्ट्या मारते! म्हटलं, आईचं काय, उडीला उठून बाहेर गेली असेल. तर म्हणे, "न्हाई ओ. जागच्या हलल्या न्हाईत. डोळं पुसत हुत्या."

उडी कॉम्प्युटरवर केलेली. त्यात डोळे पुसण्यासारखं काय आहे?

आईला विचारलं, कसा वाटला सिनेमा? भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी बसती चांगली. पन लगाम लई वढती. जनावराचं तोंड दुखतं." झालं! सिनेमा पाहिला एक आणि घोड्यांवर बोलायला लागली. म्हटलं, आई, अगं तो पुरुष होता, त्याची बाई केली, त्याचं तुला काहीच नाही? तर म्हणाली, "घोड्याला काय कळतं रं, वर बाई हाय का बाप्या? त्याला कळतं वजन आन् हात."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

४ डिसेंबर

आता कहर झाला. जानेवारीत शाळेचं गॅदरिंग आहे. त्यात छोटं नाटक बसवतायत — शिलेदाराचं. आणि शिलेदार कोण? आमची अश्विनी! मॅडमनी वर्गात विचारलं तर हिने सगळ्यात आधी हात वर केला म्हणे.

उड्या मारत माझ्याकडे आली. "पप्पा, तुमचा मुखवटा द्या ना!"

माझा मुखवटा. निळ्या जाड कापडाचा. मी आठ वर्षांचा असताना आईने शिवून दिलेला. मी कसा हवा ते सांगायच्या आत कापून मोकळी झाली होती, आणि तरी हुबेहूब! डोळ्यांची भोकंसुद्धा कडेला लांबट, शिलेदाराची होती तश्शी. वस्तीतल्या दुसऱ्या कुणाकडे तसा नव्हता. पोरं एक फेरी घालायला मिळावी म्हणून मला पेरू आणून द्यायची. अजून ट्रंकेत घडी करून ठेवलाय, कधीतरी काढून बघतो. हे फक्त इथे लिहितोय.

म्हटलं, नाही. शिलेदार पुरुष आहे. तुला हवं तर गुरुजींची बहीण हो.

"सिनेमात तर बाई हाय!"

"तो सिनेमा चुकलाय."

तिचा चेहरा पडला. पडू दे. कुठेतरी कुणीतरी उभं राहायलाच पाहिजे.

६ डिसेंबर

विहारात वंदना. अश्विनी आजीचं बोट धरून बसली होती. दर वर्षी माझ्या शेजारी बसते.

८ डिसेंबर

शाळेत जाऊन आलो. मॅडमना सांगितलं, माझी मुलगी ते काम करणार नाही. त्या म्हणाल्या, "अहो, किती छान करते ती! पळत येऊन बाकावर अशी उडी घेते —" मी म्हटलं, मुलाला द्या. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "बरं. नाताळच्या सुट्टीनंतर ठरवू. तोवर विचार करा."

विचार करायचाय कशाला? झालाय करून.

९ डिसेंबर

अश्विनी बोलत नाही. पाणी मागितलं तर तांब्या आणून ठेवला आणि गेली. जेवायला बोलावलं तर सीमाला सांगते, "पप्पान्ला म्हनावं, मी जेवले." मी समोर बसलेलो!

रात्री आई अंथरूण घालताना एवढंच म्हणाली, "लेकराला न्हाई म्हनायला काई ताकद लागत न्हाई, नितीन." आणि तोंड फिरवून झोपली. आई नावाने हाक मारते म्हणजे चिडलेली आहे. मला बाबा म्हणते एरवी.

सगळे माझ्यावरच! जुनं जपणारा तेवढा वाईट.

१४ डिसेंबर

आईला डोळे दाखवायला नगरला नेलं. एम-एटीवर बसवायचं म्हणजे सर्कस. मी गाडी उभी करून थांबलोय, मागे टेम्पोवाला हॉर्न मारतोय, आणि ही वळसा घालून उजव्या बाजूला! म्हटलं, अगं आई, सगळ्या बाया डावीकडून बसतात, रस्त्याच्या मधे पाय सोडून बसशील का? तर म्हणे, "माहा डावा गुडघा वाकत न्हाई बाबा, किती डाव सांगू? ल्हानपनी पडल्यापून असाच हाय." मग उजव्या पायाने फूटरेस्टवर चढली आणि डावा पाय सरळच्या सरळ वरून टाकला, एका दमात. नऊवारीत, पुरुषांसारखी दोन्हीकडे पाय टाकून! स्टँडवरची माणसं हसायला लागली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर बोललो तिला. ती गुडघ्याला तेल चोळत बसली. अश्विनी दारात उभी राहून ऐकत होती. जाताना पाय आपटले.

१९ डिसेंबर

'शिलेदार' उतरला नगरातून. गहिनीनाथ पेढे आणतो म्हणाला. आणले नाहीत. मलाही खावेसे वाटले नसते. आपणच जिंकलो असं वाटायला हवं होतं. तर घरात पोरगी भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवते आणि चुकलं तरी मला विचारत नाही. आधी वही माझ्या नाकाशी धरून विचारायची.

खूप वाईट वाटतं. पण मग आठवतं — डावीकडून! बाई! आणि पुन्हा डोकं फिरतं.

२१ डिसेंबर

संध्याकाळी ट्रंक उघडली. मुखवटा काढला, पुन्हा ठेवला. देऊन टाकावा का? एका पोरीच्या हट्टापायी शिलेदार बदलायचा? उद्या लोक म्हणतील त्याला घोडाच नव्हता.

नाही दिला.

२७ डिसेंबर

कारभारीमामाच्या — म्हणजे आईच्या धाकट्या भावाच्या — मुलाचं लग्न. सगळे भंडारदऱ्याला आलोय. थंडी मरणाची. आई इथे आल्यावर वेगळीच दिसते. सारखी त्या दरीच्या बाजूला बघते. अश्विनी तिच्या मागे मागे. मुखवटा का कुणास ठाऊक, मी पिशवीत टाकून आणलाय. सीमालाही सांगितलं नाही.

उद्या वरात. घोडा आणलाय राजूरहून.

२९ डिसेंबर

काल वरात झाली. आज सकाळी घोडा परत न्यायच्या आधी अश्विनी त्यावर बसायला गेली, तर तो बुजला. फटाक्यांनी भेदरलेला. घोडेवाला म्हणाला, पोरीला लांब घ्या. आई पुढे गेली. घोड्याच्या मानेवर हात ठेवून कानाशी काहीतरी बोलली. घोडा थंड झाला. मग कासोटा आवळला, वळसा घालून उजवीकडे गेली, उजवा पाय रिकिबीत, डावा सरळच्या सरळ वरून — आणि बसली.

उजवीकडून!

कारभारीमामा हसत म्हणाला, "आजून उजवीकूनच व्हय गं, भामाआक्का?" मग माझ्याकडे वळून — "तुला सांगितलं न्हाई व्हय हिनं? त्यो नट घोड्याला लई भ्यायचा. तोंड झाकलं की समदी आमची आक्का! बोलायची सोय न्हाई, आवाज बाईचा. आन् ती दरीवरली उडी तर — बा आमचा डोळं झाकून बसला हुता. लगीन ठरलं आन् मग तोंडातून ब्र काढायचा न्हाई, आसं बानंच बजावलं."

आई वरून म्हणाली, "जुनं झालं आता ते." आणि घोडा चालवत दरीच्या बाजूला गेली.

अश्विनीने माझा शर्ट ओढला. "पप्पा, आता?" इतक्या दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

पिशवीतून मुखवटा काढला. तिच्या हातात दिला नाही. म्हटलं, "माझा नाही गं तो. आजी येऊ दे, तिला माग."