खांबावरची जागा

छोट्या,

भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घे. मी डेपोत चालले आहे, तिकिटांची बॅग जमा करायला. उद्यापासून आमच्या बसला कंडक्टर नाही. दुकानात फोन टेकवून पैसे देतात ना, तसाच आता बसमधल्या खांबाला टेकवायचा. हे मला काल साहेबांनी सांगितलं. ती यंत्रं माझा भाऊच बसवतोय, हेही त्यांनीच सांगितलं.

महिनाभर जेवताना विचारत होतास, "ताई, चढताना लोक कुठे धरतात? म्हाताऱ्यांचा हात कुठवर पोचतो?" मला वाटलं, एवढ्या वर्षांनी भावाला बहिणीच्या कामाचं कौतुक वाटतंय. मी वेडी, भरल्या ताटावरून उठून फ्रिजवर उंची दाखवत होते. मूल डाव्या कडेवर असतं, म्हणून बाईचा उजवाच हात मोकळा असतो, हेसुद्धा सांगितलं.

यंत्राशी माझं भांडण नाही. नोकरी आज ना उद्या गेलीच असती. पण माझ्याच ताटाशेजारी बसून तू मिठाची गुळणी धरलीस. यालाच केसाने गळा कापणं म्हणतात.

काल आमच्या बसमध्ये यंत्र लावलेलं पाहिलं. उजवीकडे, माझ्या खांद्याच्या जरा खाली. एका आजींनी पहिल्याच खेपेला फोन टेकवला आणि खूश होऊन मला म्हणाल्या, "कुणीतरी आमचा विचार करून लावलंय हो!"

मी म्हटलं, "हो आजी."

ताई