अळ्यांचा स्वयंपाक

बाई, त्या सकाळीही मी आधी डबेच साफ करत होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं कुलूप काढायचं, खिडक्या उघडायच्या, टेबलं पुसायची, आणि मग एकेका डब्याच्या तोंडाचं जाळीचं कापड सोडून आतल्या अळ्या रंगाच्या मऊ ब्रशनं नव्या कागदावर घ्यायच्या. जुन्या कागदावरच्या लेंड्या झटकायच्या. लिंबाळी फुलपाखराची अळी लहान असताना पाखराच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यातून केशरी शिंगं काढते, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. त्याआधी खानापूरकडच्या आमच्या गावात लिंबावर दिसली की चपलेखाली चिरडायची, एवढीच माझी तिच्याशी ओळख होती.

नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा मी बेळगावात तुमच्या कॉलेजात शिपाईकामाला लागले. सातवीपर्यंतची शाळा, तीही विसरलेली. पहिल्याच दिवशी तुम्ही बाटल्यांच्या कपाटासमोर मला उभी केलीत. म्हणालात, "रोज एक लेबल वाचायचं. अडलं तर मला विचारायचं, लाजायचं नाही." लेबलं संपली तेव्हा तुम्ही स्वतःच्या नावावरचं ग्रंथालयाचं कार्ड माझ्या हातात ठेवलंत. संध्याकाळी घरात बोलायला कुणी नसायचं. त्या कार्डावर आणलेल्या पुस्तकांनी माझी कितीतरी वर्षं निभावली. हे तुम्हाला कधी तोंडानं सांगितलं नाही.

अळीनं पानांऐवजी शिजवलेलं खाणं खाऊन वाढावं, हा तुमचा ध्यास होता. उन्हाळ्यात कोवळा पाला मिळत नाही, आणि खेड्यातल्या शाळेत मुलांना वर्गात फुलपाखरू बाहेर येताना बघायचं तर रोज ताजी पानं कोण पुरवणार, असं तुम्ही म्हणायचात. मग आपण शेगडी मांडली. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, सावलीत वाळवलेल्या कढीपत्त्याची भुकटी, आणि सगळं घट्ट धरून ठेवायला अगर नावाची समुद्रशेवाळाची पूड. शिजलेलं मिश्रण हाताला सोसेल इतकं निवलं की मगच जीवनसत्त्वाची गोळी कुटून घालायची. ताटात ओतून त्याच्या वड्या पाडायच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मीठ न्हाय घालायचं व्हय, बाई?" तुम्ही म्हणालात, "घाल की! वरून फोडणी पण दे, आणि जावयाला बोलाव जेवायला." हसता हसता तुमचा चष्मा नाकावरून घसरला होता.

दोन वर्षं वड्यांना बुरशी यायची, नाहीतर अळ्या त्यांच्याकडे ढुंकून बघायच्या नाहीत. भुकटी वस्त्रगाळ करून बघूया हे मी सुचवलं, आणि त्यानंतर त्या खायला लागल्या. तिसऱ्या वर्षी वड्यांवरच्या पंचवीस अळ्यांनी तिसऱ्यांदा कात टाकली. शेजारी ताज्या पानांवर वाढवलेल्या पंचवीस होत्याच, पण आपल्या तितक्याच टपोऱ्या दिसत होत्या. तुम्ही निवृत्तीला आला होतात. रोज सकाळी आल्या आल्या, पर्ससुद्धा खाली न ठेवता, त्या डब्यांवर वाकायचात.

भुकटी संपत आली होती. नवा पाला आपल्या इमारतीमागच्या झाडाचा तोडायचा, हे ठरलेलं होतं. त्या दिवशी सकाळी डबे साफ करून मी मागच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. माझी पाळी आली होती. कढीपत्त्याला त्या दिवसांत शिवलं की झाड वाळतं, असं आईनं शिकवलेलं, सासूनं तेच बजावलेलं. आदल्याच वर्षी एक मुलगी याच कारणानं झाडापासून लांब उभी राहिली, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणाला होतात, "शास्त्र शिकायला आलीस की सोवळं पाळायला? झाडाला कळतं का गं, तुझ्या अंगात काय चाललंय ते?" पोरी हसल्या होत्या. मीपण हसले होते. म्हणून तुम्हाला सांगायची लाज वाटली, आणि झाडाला हात लावायचं धाडस झालं नाही. मी बाजारात गेले. भाजीवाली जुडी पुढं करून म्हणाली, "ताजा हाय बघ आक्का. किड्यानं एक पान कुरतडलंय काय दाखीव." मी एकेक फांदी उलटून बघितली. खरंच एकही भोक नव्हतं. मला चांगला माल मिळाल्यासारखं वाटलं. एकदा पाण्यातून काढला, वाळवला, वाटला, त्याच्या वड्या केल्या आणि डब्यांत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी अळ्या हिरवं ओकत होत्या. तिसऱ्या दिवशी पंचवीसच्या पंचवीस काळ्या पडून मेल्या होत्या. शेजारच्या बाटल्यांमध्ये लिंबाच्या डहाळ्या आधीपासून खोचलेल्या होत्या, त्यांच्यावरच्या सगळ्या जिवंत. तुम्ही ब्रशनं एकेक अळी उलटून बघितलीत. मग विचारलंत, "पाला कुठला होता गं?"

मी म्हटलं, "झाडाचाच, बाई."

तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. मी सांगितलेलं तुम्ही कधीच तपासत नव्हता. खुर्चीवर बसून तुम्ही वहीत लिहिलंत की हे खाद्य अळ्यांना घातक आहे, प्रयोग बंद. मला म्हणालात, "तुझा काही दोष नाही. माझंच गणित चुकलं." त्या वर्षी तुम्ही निवृत्त झालात, आणि दोन वर्षांनी गेलात. तुम्हाला शेवटचं बघायला मी आले होते, तेव्हासुद्धा माझं तोंड उघडलं नाही. भाजीवरच्या कीटकनाशकाच्या फवारणीबद्दल मी पुढे एका पुस्तकात वाचलं. अळीच्या तोंडाला न लागलेल्या पानाचा अर्थ मला तेव्हा कळला. पण खोटं मी त्याच्या आधीच बोलले होते, ते अज्ञानातलं नव्हतं.

आज हे लिहायला बसले, कारण नव्या मॅडमना कपाटात तुमची वही सापडली. भली पोरगी आहे, तुमच्यासारखीच भराभर बोलते. पानं उलटून म्हणाली, "आक्का, यांनी मेहनत भारी केलीय, पण कृतीच चुकली बघा. पुढच्या मुलांना मी हेच दाखवणार, प्रयोग कसा फसतो ते." घरी येऊन भाकरी केली, ती तशीच राहिली. तुमचं नाव आता फसलेल्या प्रयोगाखाली शिकवलं जाणार, आणि तो फसला नव्हता हे जाणणारी मी एकटीच उरले आहे. सासू गेली, आई गेली, माझी पाळी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कुणाचं भय उरलंय म्हणून मी गप्प आहे, ते माझं मलाच समजत नाही. ही पानं मी तुमच्या जुन्या कार्डाबरोबर पेटीत ठेवीन.

इथवर काल लिहिलं होतं. आज सकाळी गेल्या गेल्या मी मॅडमना सांगितलं, की शेवटच्या वेळचा पाला बाजारचा होता, फवारलेला, आणि बाईंना मी खोटं सांगितलं. त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. तुमच्या ओळीखाली मी माझ्या अक्षरात तसं लिहिलं, खाली सही केली. खाद्य पुन्हा करून बघायचं ठरलं. मग त्यांनी विचारलं, "पण मागं झाड असताना बाजारचा का आणलात, आक्का?"

त्या दिवशी घाईत होते, असं मी सांगितलं.