एकशे नव्वद व्होल्ट

अण्णा, गिटारच्या नव्या ॲम्पचं मागचं झाकण मी काल काढलं. नवा म्हणायचं ते सवयीने, त्याला घरात येऊन सतरा वर्षं झाली. पण जुना शेजारी उभा आहे तोवर हा नवाच. तुम्हाला हे झाकण काढून बघायचं होतं. खिशात पेचकस घेऊन तुम्ही माझ्या घरी आला होता आणि मी नको म्हणालो होतो. म्हणून आधी आत काय आहे ते सांगतो, बाकीचं मागाहून.

दोन्हीत काचेचे मोठे व्हॉल्व्ह चार, मागच्या बाजूला रांगेत. आम्ही गिटारवाले त्यांना ट्यूब म्हणतो, तुम्ही शेवटपर्यंत व्हॉल्व्हच म्हणालात. छोटे जुन्यात चार आहेत, नव्यात पाच. तो पाचवा कशासाठी हे शोधण्यात माझी अख्खी दुपार गेली. बाहेरचं इकोचं मशीन जोडायला नव्यात मागे एक जागा दिली आहे, तिच्यासाठी तो. सूर फाडायचा, गुरगुरवायचा, ज्या कामासाठी आमच्यासारखी माणसं असला जड ॲम्प उचलत फिरतात, ते काम दोन्हीकडे तेवढेच व्हॉल्व्ह त्याच क्रमाने करतात. जुन्यातला बोर्ड जाड, जोड मोठेमोठे, तुमच्या हाताला बरा. नव्यात दोन बोर्ड, मधे चपटी पट्टीची वायर, आणि सगळं इतकं बारीक की तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून दोन शिव्या घातल्या असत्या. मी मीटर घेऊन एकेक रेझिस्टर ताडून पाहिला. दोन ठिकाणी फरक निघाला, आईच्या कालच्या नि आजच्या आमटीत असायचा तेवढा. कंपनीने समोर चार खुंट्या वाढवल्या, जाळी बदलली आणि नवीन आवृत्ती म्हणून विकला. तुम्ही तेव्हा नुसतं बाहेरून बघून म्हणाला होता, 'वरचं रंगकाम येगलं दिसतंय, आतला जीव त्योच असंल.' मी हसलो होतो, आणि ते हसणं चांगलं नव्हतं.

जुना आला तेव्हा आपलं दुकान अजून भिवंडीत लूमच्या गल्लीत होतं. पुढे तुमचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं टेबल, मागे माझी खोली, आणि दोन्ही भिंतींपलीकडे कापडाचे पॉवरलूम. आखातात निघालेल्या एका हॉटेलवाल्या गिटारिस्टकडून मी तो घेतला आणि टेम्पोतून आणला. तुम्ही पोत्यासारखा कवटाळून आत घेतलात. पहिल्याच दिवशी मी तार छेडली आणि खोलीभर जो आवाज पसरला तो मला अजून सांगता येत नाही. जाड, मऊ, ताणला तर लांबणारा. सूर तुटायचा नाही, दमून खाली बसायचा. तुम्ही टेबलावरून उठून आलात, ॲम्पच्या डोक्यावर तळवा ठेवून उभे राहिलात. दुकान टाकण्याआधी सहा वर्षं तुम्ही लूमच्या खडखडाटात काढली होती, त्यामुळे कानांपेक्षा तुमचा हातावर भरवसा जास्त. 'भारी माल हाय,' एवढंच म्हणालात, आणि गिऱ्हाइकाचा रेडिओ तसाच उघडा टाकून अर्धा तास ऐकत बसलात.

त्या खोलीतली एक गोष्ट मला तेव्हाच चमत्कारिक वाटायची. शुक्रवारी लूम बंद, गल्ली चिडीचूप, आणि नेमका त्या दिवशी ॲम्प कर्कश वाजायचा. मी माझ्या हुशारीने ठरवून टाकलं की शांततेत ऐकू जास्त येतं म्हणून टोचतं. बाहेरच्या कार्यक्रमात जनरेटर, उघडं मैदान, माइकवाल्याची करामत, तिथला आवाज मी कधी धरलाच नाही. माझा खरा आवाज त्या मागच्या खोलीतला.

मग तिसऱ्या वर्षी ॲम्पमधून धूर आला. तुम्ही नऊ दिवस घेतलेत. घाई कधी केली नाहीत. काढलेला प्रत्येक भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून, सुतळीने बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची तुमची रीत. मुलाच्या ॲम्पलाही तीच. फुगलेले कंडेन्सर, जळालेली एक वायर, दोन रेझिस्टर. मी पिशवी बाजूला ठेवली आणि तार छेडली. आवाज कोरडा, टोकदार, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. दुकानात तेव्हा मंडपवाला त्याचं मशीन न्यायला आला होता, आणि आमच्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला स्टुलावर बसला होता. तुम्ही म्हणालात की आतलं सगळं जेवढ्यास तेवढंच घातलंय. मी म्हणालो, 'अण्णा, तुम्हाला ऐकायलाच येत नाही तर आवाजाची कामं घेता कशाला?' मंडपवाल्याने मान खाली घातली. तुम्ही सोल्डरची तार गुंडाळत होता, ती गुंडाळून पूर्ण केलीत, मग म्हणालात, 'असंल. गेले असतील कान माजे.'

त्यानंतर तुम्ही आवाजाचं काम घेतलं नाही. हे माझ्या ध्यानात यायलाही वर्ष गेलं. इस्त्री, मिक्सर, पंखे. कोणी रेडिओ किंवा ॲम्प आणला की तुम्ही त्याला नाक्यावरच्या दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचात. वस्तीच्या जयंतीचा साउंड दर वर्षी तुम्ही आदल्या दिवशी उघडून पुसून द्यायचात, त्या वर्षी खुर्चीवर बसून नुसता ऐकलात. आईने विचारलं तर म्हणालात, आता डोळे साथ देत नाहीत. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

लग्नानंतर मी अंजूरच्या बाजूला राहायला गेलो आणि चार पैसे जमल्यावर ही नवी आवृत्ती आणली, तीही सेकंडहँडच. तुम्ही रिक्षाने आलात. कंपनीने काय बदललंय ते बघू तरी, म्हणालात. मी सांगितलं की सील तोडलं तर वॉरंटी जाईल. सेकंडहँडला कसली वॉरंटी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तुम्ही पेचकस शर्टाच्या खिशात परत घातलात, चहा घेतलात, नातीच्या खेळण्यातली गाडी चालत नव्हती ती दुरुस्त करून दिलीत आणि निघालात. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

इतकी वर्षं दोन्ही ॲम्प शेजारीशेजारी आहेत. माझी बायको म्हणते, लोक एक सवत आणतात, याने दोन आणल्या, वर त्या किंचाळतात. दर दोन-तीन वर्षांनी माझं मत फिरायचं. कधी वाटायचं जुना मोकळा वाजतो, नवा आवळलेला. ट्यूब बदलल्या की उलटं. नव्याचा एक स्विच खरखरतो, जुना उन्हाळ्यात तापून वास मारतो. पण एका गोष्टीवर मी ठाम होतो: मूळचा जुना आवाज दोघांतही नाही. जुन्यातला तुम्ही घालवलात आणि नव्यात कंपनीने घातलाच नाही.

मानकोलीच्या ज्या गोदामात मी विजेच्या लाइनीचं मेन्टेनन्स बघतो, तिथे गेल्या महिन्यात एक फेज कमजोर झाला आणि पंखे जड झाले. पॅनलवर मीटर दोनशे तीसच्या जागी एकशे नव्वदच्या आसपास. माझ्या हाताखालचा वायरमन पूर्वी लूमवर होता, उत्तर प्रदेशचा. वर बघून म्हणाला, 'साहब, भिवंडी में लूम चलता था तो पंखा ऐसेच घूमता था। सिर्फ जुम्मे को हवा लगती थी।' आणि मला तुमच्या टेबलावरचा टीव्हीचा स्टॅबिलायझर दिसायला लागला. त्याचा काटा आठवडाभर डावीकडे लाल पट्टीत थरथरायचा आणि शुक्रवारी मधोमध यायचा. शुक्रवारी ॲम्प कर्कश वाजायचा, अण्णा. शांततेचा काही संबंध नव्हता, लूम बंद की व्होल्टेज पूर्ण यायचं.

स्टोअरमध्ये पडलेला जुना डिमर, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं ते गोल चाकाचं यंत्र, साहेबांना विचारून घरी आणला. रविवारी सकाळी जुना ॲम्प त्याच्यावर लावला. दोनशे तीसला नेहमीचा कोरडा आवाज. चाक हळूहळू मागे घेत गेलो. दोनशे दहाला टोकं बोथट झाली. एकशे नव्वदला तार छेडली आणि आपली मागची खोली घरात आली. तोच जाड, मऊ, दमून खाली बसणारा सूर. तुम्ही नऊ दिवस हात घातलेल्या ॲम्पमधून. मला रडू आलं, आणि त्याच वेळी हेही बघायची घाई झाली की नवा काय करतो. नव्यानेही तेच केलं. मग मुलीला म्हटलं, मी पाठ करून बसतो, तू वाजव आणि वायर बदलत जा, मी ओळखतो. पाचातले तीन चुकले. ती म्हणाली, 'पप्पा, तुम्ही तर म्हणायचात झोपेतसुद्धा ओळखाल.'

एक शंका उरली होती. दुरुस्तीनंतर लूम तर चालूच होते, मग आवाज तेव्हाच का बदलला? आईला विचारलं. तिला वर्ष आठवेना, पण पंखा आठवला. म्हणाली, 'तुजा ॲम्प यांच्याकडं उगडा पडला व्हता, तवाच तर गल्लीच्या तोंडाशी नवी डीपी बसली. त्या दिवसापासून ट्यूबलाइट पयल्या झटक्यात लागाया लागली.' नवा ट्रान्सफॉर्मर आला, व्होल्टेज वाढलं म्हणून सगळ्या गल्लीने पेढे खाल्ले होते, मीही खाल्ले होते. विजेचं काम करून पोट भरणारा मी, रोज वहीत व्होल्टेज लिहिणारा, आणि मला हे जोडून बघायला वीस वर्षं लागली. तुमचं ध्यान होतं का? तुम्ही नऊ दिवस त्यात डोकं घातलं होतं, लाइनही बघितली असेल. कदाचित तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं, पण मी जे बोललो त्यानंतर तुम्ही माझ्यावर नाही, स्वतःच्या कानांवर संशय घेतलात. हे मला सगळ्यात जास्त लागतं. सुतळीची पिशवी मी काल सोडली. कंडेन्सरवरचे आकडे पुसट झालेत, पण वाचता येतात. आत बसवलेल्यांशी ताडले. जेवढ्यास तेवढेच आहेत.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. तुम्ही असताना ती तुमच्या कानावर आली नाही असं मी धरून चाललोय. आमच्या ऑर्केस्ट्रात माझा एक किस्सा फार चालतो. वडिलांनी ॲम्पचं ऑपरेशन केलं, ऑपरेशन सक्सेस, पेशंट खल्लास. त्यात मी तुमची नक्कल करतो. कानाला हात लावतो, 'आँ? काय म्हंतोस?' करतो, आणि आंधळ्यासारखा सोल्डर शोधतो. तुम्ही असं कधी केलं नाहीत, ते मी घातलेलं. गेल्या रविवारी अंबाडीला हळदीचा कार्यक्रम होता. स्टेज लागेपर्यंत आम्ही टपरीवर चहा घेत होतो, आणि त्याच कीबोर्डवाल्याने, जो त्या दिवशी तुमच्या स्टुलावर बसला होता, नव्या ड्रमरला सांगितलं की याच्या बापाचा किस्सा ऐक. डिमर लावून मला तेव्हा आठ दिवस झाले होते. गप्प बसता आलं असतं. खरं काय ते सांगताही आलं असतं, गोष्ट म्हणून ती जास्त चांगली आहे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी कानाला हात लावला, अण्णा, आणि नक्कल नेहमीपेक्षा चांगली जमली.