भाऊच्या गाडीचा मागचा टायर

धुळे, १२ जानेवारी १९९१

आज भाऊला जाऊन नऊ दिवस झाले. सकाळपासून दारावर माणसं येत होती. जळगावहून काका आले, पाणी प्यायले आणि भरल्या ओट्यावर म्हणाले, "मोटारना टायर फटफटीले लावस का कोनी? त्यानीच जीव लिधा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी एवढंच म्हणालो, "काका, गाडी स्टँडवर उभी होती."

"राहू दे रे, तुले काय समजस?"

काय समजत नाही मला? पारोळ्याजवळ भाऊ गाडी लावून चहासाठी रस्ता ओलांडत होता, तेव्हा ट्रकने उडवलं. गाडीला ओरखडासुद्धा नाही. तरी नऊ दिवस सगळे त्या टायरला, म्हणजे भाऊलाच, दोष देताहेत. ट्रकवाल्याबद्दल एक शब्द नाही.

भाऊ लांब लांब फिरायचा. मोटरसायकलचा टायर लवकर झिजतो, म्हणून त्याने मागे मोटारीचा बसवला. वळणावर गाडी वाकायला तयार नसायची. "ढकलावं लागतं तिला, तुझ्या वहिनीसारखी हट्टी आहे," म्हणायचा. मी मागे बसून त्याच टायरवर सप्तशृंगीला जाऊन आलो. मग आज मोठ्याने का नाही बोललो?

निघताना काका म्हणाले, तो टायर काढून फेक. मी हो म्हणालो. का म्हणालो?

संध्याकाळी सगळे गेल्यावर पडवीत भाऊच्या गाडीपाशी गेलो. टायर अंगठ्याने दाबून पाहिला. हवा थोडी कमी वाटली. पंप आणला आणि भरली.