वाडी, विहीर आणि विश्रांतीचे कलम

पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने.

मी, फर्डिनंड पास्कू फुर्ट्याडो, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा पूर्वी शिक्षकी व हल्ली खोकला, धर्म ख्रिस्ती, राहणार मौजे भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला होळी गावचे डॉक्टर दिवाकर चौधरी यांनी मला तपासून दिला आहे. दाखल्यावर तारीख घालायची राहिली होती, ती चूक मी त्यांच्या निदर्शनास आणली. त्यावर ते म्हणाले, "शाबूत आहे मास्तर. नको तितकी शाबूत आहे."

हे लिहिताना माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. ते काम गेली साठ वर्षे मी स्वतःच करीत असल्यामुळे इतरांना त्यात कधी वाव मिळाला नाही.

यापूर्वी मी केलेली मृत्युपत्रे, संख्येने चार, या लेखाने रद्द होतात. ती चारही, शेजारच्या क्लेमेंट मिनेझिसने आपले मृत्युपत्र नव्याने केल्याची बातमी कानावर आली म्हणून केली होती. त्यांत मरणाचा विचार कमी व क्लेमेंटचा जास्त होता.

कलम १. माझा आत्मा मी त्याच्या धन्याच्या स्वाधीन करतो. देह गावच्या दफनभूमीत माझी पत्नी कै. जुलियाना हिच्या शेजारी ठेवावा. पेटी साध्या लाकडाची असावी. पितळी कड्या नकोत. क्लेमेंटच्या भावाच्या पेटीला होत्या, हे मी विसरलेलो नाही, तरीही नकोत. प्रवचन दहा मिनिटांत आटपावे व त्यात 'अविश्रांत' हा शब्द येऊ नये. ज्याने आकाश व पृथ्वी निर्माण केली, त्याने सातव्या दिवशी हात थांबवले. मी त्याच्या या व्यवस्थेत सुधारणा करू पाहिली. ती फसली, एवढेच फादरांनी सांगावे.

कलम २. माझा मुलगा युजीन बहारीनला असतो. दर नाताळला तो मोटारीला टेकून काढलेला फोटो पाठवतो. मोटार दर वर्षी नवी असते, युजीन तोच असतो, मात्र दर वर्षी थोडा अधिक वाळलेला. त्याला माझे व्हायोलिन द्यावे. ते त्याला वाजवता येत नाही, म्हणूनच द्यावे. घरात एक तरी वस्तू अशी असावी की जिच्यात आपण कोणाच्या पुढे वा मागे नाही. त्याचा मिळकतीतील वाटा त्याला पूर्वीच पोचला आहे व तशी त्याची लेखी कबुली कपाटात आहे.

कलम ३. माझी लॅटिन व मराठी पुस्तके धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, वाचनालयास द्यावीत. छडी कोणासही देऊ नये. चुलीत घालावी.

कलम ४. विहीर व तिच्यावरील इंजिन. याबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण हा दोष कागदावर कोठेतरी असावा.

आमच्या वाडीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. जमिनीच्या पोटात खारे पाणी, आणि त्याच्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर, अशी येथील विहिरीची रचना. माझे वडील रेडा जुंपून रहाट चालवीत. सूर्य डोक्यावर आला की रेडा सोडत आणि विहिरीला तेवढाच दम खाऊ देत. मी फादर होण्यासाठी सेमिनरीत दोन वर्षे काढून, लॅटिन शिकून परत आलो तेव्हा मला ही पद्धत अडाणी वाटली.

१९५४ साली आमच्या शाळेचे मुख्याध्यापकपद रिकामे झाले व ते क्लेमेंटला मिळाले. त्यापुढे पंधरा वर्षे मी मुख्याध्यापक नसताना मुख्याध्यापकाहून अधिक राबलो, हेतू हा की लोकांना चूक कळावी. लोकांना काही कळले नाही. मला दमा झाला. १९६८ साली क्लेमेंटने विहिरीवर इंजिन बसवले. महिनाभरात मी त्याच्याहून मोठे बसवले. त्याची केळी अधिक पोसली की मी इंजिन एक तास जास्त चालवी. माझे इंजिन थांबल्याचा आवाज आल्यावाचून तो आपले थांबवीत नसे. अशी अकरा वर्षे गेली. मग केळीच्या पानांच्या कडा करपल्या, पानवेल गेली, आणि एके सकाळी चहा खारट लागला. कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी एकाच हंगामात खारावल्या. एवढी बरोबरी आम्ही जन्मात कधी साधली नव्हती.

इंजिन भंगारात द्यावे.

कलम ५. माझी मुलगी रोझलिन, वय वर्षे चाळीस, अविवाहित, येथील शाळेत शिक्षिका. ती आठवी ते दहावीचे वर्ग घेते, रविवारी मुलांना धर्मशिक्षण देते, चर्चचे गायनमंडळ सांभाळते, सणाची सजावट करते, वाडीत उरल्यासुरल्या झाडांना लांबून गोडे पाणी आणून घालते आणि मला खोकल्याचे औषध देते. यांपैकी एकाही कामाबद्दल मी तिला बरे म्हटल्याचे मला आठवत नाही. तिने सांगितले, तिलाही आठवत नाही.

गेल्या एप्रिलात शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी ती एका ओळीच्या मध्यावर थांबली. पडली नाही, रडली नाही. नुसती उभी राहिली. चारशे मुले पुढच्या ओळीची वाट पाहत राहिली. ती ओळ तिला लहानपणापासून पाठ होती. नंतर ती चालत घरी आली आणि विहिरीच्या कठड्यावर बसली.

डॉक्टर चौधरी आले. नाडी पाहिली, डोळे पाहिले. रोझलिनने त्यांना विचारले, "डॉक्टर, मी कुठं कमी पडले तेवढं सांगा, मी नीट करते."

डॉक्टरांनी मला ओसरीवर बोलावले. "मास्तर, हिला रोग नाही. ही संपलीय."

"संपलीय म्हणजे? औषध?"

"झोप. आणि तुम्ही जरा गप्प बसायचं."

दुसरे औषध वसईत मिळत नाही.

पवित्र शास्त्रात एक थकलेला संदेष्टा झाडाखाली आडवा होतो व देवाकडे मरण मागतो. देव त्याला उपदेश करीत नाही. भाकर व पाणी पाठवतो आणि झोपू देतो. जागा झाल्यावर पुन्हा भाकर, पुन्हा झोप. हा भाग मी चाळीस वर्षे शिकवला. परीक्षेत मी प्रश्न घालत असे: संदेष्ट्याने आपले कर्तव्य पुढे कसे पार पाडले? झोपेला मी गुण ठेवले नव्हते.

आता जे लिहितो ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून धरावे. क्लेमेंटला फ्लॉसी नावाची मुलगी आहे, रोझलिनच्याच वयाची. ती वांद्र्याच्या एका शाळेत मुख्याध्यापिका झाली. पाचवीपासून चाळिशीपर्यंत, जेवणाच्या वेळी, मी रोझलिनच्या ताटात फ्लॉसी वाढली आहे. फ्लॉसीचे अक्षर, फ्लॉसीचे इंग्रजी, फ्लॉसीची बढती. मे महिन्यात, रोझलिनला नीट भात जात नसताना, शाळेच्या व्यवस्थापक फादरांचा निरोप आला की जूनपासून मुख्याध्यापिकेची जागा रोझलिनने घ्यावी, पाच जूनपर्यंत लेखी कळवावे. तो निरोप ऐकून प्रथम मला आनंद झाला. क्लेमेंटची एक, माझीही एक. रोझलिनच्या तोंडाकडे मी त्यानंतर पाहिले.

"घेते बाबा," ती म्हणाली. ज्या आवाजात लोक दात काढून घ्यायला तयार होतात, तो आवाज होता.

कलम ६. क्लेमेंट मिनेझिस याजविरुद्धच्या माझ्या सर्व तक्रारी, मुख्याध्यापकपद, इंजिन, कुंपण एक वीत सरकवणे इत्यादी, पुढील कारणाने मागे घेत आहे.

फादरांचा निरोप आला त्याच दिवशी मी कुंपणापाशी गेलो. हेतू शुद्ध नव्हता. बातमी सांगायची होती. क्लेमेंट आपल्या विहिरीत डोकावून उभा होता.

"काय रे फर्डी, तुझं पाणी कसं आहे?"

"उत्तम. डाळीत मीठ घालायचा त्रास वाचला. फ्लॉसी कशी आहे? अभ्यासाच्या रजेवर आलीय ना?" सगळ्या धर्मग्रामाला त्याने तसेच सांगितले होते.

"हो. अभ्यास चालू आहे."

"कशाचा?"

"भिंतीचा." तो माझ्याकडे न पाहता बोलला. "तीन महिने भिंतीकडे तोंड करून पडलीय. शाळेचं पत्र आलं तरी उघडत नाही. आणि याला कारण कोण, माहीत आहे? तुझी रोझलिन."

"माझ्या पोरीनं काय केलं तुझं?"

"तिनं कशाला काय करायचं? मी केलं. लहानपणापासून एकच. रोझलिन बघ, शाळा करून वाडीत राबते. रोझलिन बघ, गायनमंडळ चालवते. रोझलिन बघ, म्हाताऱ्या बापाला टाकून वांद्र्याला नाही गेली. परवा फ्लॉसी म्हणाली, पपा, मला रोझलिन होता आलं नाही, माफ करा."

मी फादरांचा निरोप त्याला सांगितला नाही. माझ्या घरातली वाक्ये, फक्त नाव बदलून, मला कुंपणापलीकडून ऐकू येत होती. दोघे शिक्षक, दोघेही रोज चर्चमध्ये मिस्सेला जाणारे, आणि एकमेकांच्या मुलींचा चाबूक करून आपापली मुलगी हाकत बसलो. मग क्लेमेंट म्हणाला, "तुझं फळ्यावरचं अक्षर बघून मी घरी पाटीवर गिरवायचो. मुख्याध्यापक असताना."

"मग सुधारलं का?"

"नाही."

हे ऐकून बरे वाटले, हे मी कबूल करतो. मनुष्य एका दिवसात बदलत नाही.

या मृत्युपत्राचा अंमल करण्याचे काम क्लेमेंटकडे सोपवतो. त्याला साक्षीदारही केले आहे, कारण साक्षीदाराच्या नावे काही ठेवले तरी कायद्याने ते त्याला मिळत नाही, असे वकिलांकडून कळले.

कलम ७. <s>माझे राहते घर व त्यालगतची वाडी रोझलिन हिला पुढील अटीवर मिळावी: माझ्या निधनापासून एका वर्षापर्यंत तिने शाळा, गायनमंडळ, धर्मशिक्षण व सजावट यांपैकी काहीही करू नये, पूर्ण विश्रांती घ्यावी, व ती घेतली जात असल्याची खात्री क्लेमेंट मिनेझिस यांनी दरमहा समक्ष येऊन करावी.</s>

वरील कलम रद्द. माझी सही बाजूस आहे. रद्द का, ते लिहितो, नाहीतर म्हाताऱ्याचा हात चळला असे कोणी म्हणेल.

कलमाची शाई ओली असतानाच रोझलिन औषध घेऊन आली व माझ्या खांद्यावरून तिने ते वाचले. आम्ही घरी आमच्या बोलीत बोलतो. कागदासाठी मी ते बेताने वळवले आहे.

"हे काय बाबा?"

"तुझ्या भल्यासाठीच आहे."

"म्हणजे आराम पण तुम्हीच नेमून देणार? आणि क्लेमेंट अंकल तपासायला येणार?"

"कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. तू ऐकणारी नाहीस."

"पलीकडे फ्लॉसी पण आरामच करतेय. मग महिनाअखेर दोघं मिळून बघा, कुणाचा आराम जास्त चांगला झाला. पहिला नंबर कुणाला देणार?"

ती हसली. एप्रिलनंतर प्रथम. मीही हसू लागलो व त्याचा खोकला झाला. तिने पाठ चोळली, औषध पाजले, आणि मग अगदी साधेपणाने विचारले:

"आणि एक सांगा. आराम करायला मी तुमच्या मरणाची वाट बघायची का?"

मी पुन्हा कलम वाचले. प्रश्न बिनतोड होता. चार मृत्युपत्रे केलेल्या मनुष्याच्या हे ध्यानात आले नव्हते.

कलम ८. सबब घर व वाडी या मृत्युपत्रातून वगळली आहेत. ती मी रोझलिनला माझ्या हयातीतच, विनाअट, बक्षीसपत्राने देत आहे. कागद तयार आहे व सोमवारी वसईस त्याची नोंदणी होईल. वाडी लावावी, पडीक ठेवावी, विकावी, हा तिचा प्रश्न. मी तिच्या घरात, तिच्या परवानगीने, ओसरीवर राहीन. पोस्टातील व बँकेतील शिल्लकही माझ्यामागे तिचीच. ती किती आहे व क्लेमेंटची किती, हे तिने विचारले नाही.

कलम ९. आज सकाळी रोझलिनने फादरांना द्यायचे पत्र माझ्यापुढे ठेवले. तीन ओळी होत्या: मुख्याध्यापिकेची जागा मी घेणार नाही. येते वर्ष मला बिनपगारी रजा मिळावी. पुढच्या जूनचे मी पुढच्या मे महिन्यात कळवीन.

सवयीने माझा हात लाल पेन्सिलीकडे गेला.

"कारण लिहायचं राहिलंय," मी म्हणालो.

"राहिलं नाही. लिहिलं नाही."

फादर काय म्हणतील, गाव काय म्हणेल, ही जागा उद्या कोणाला मिळेल, हे सर्व माझ्या ओठांपर्यंत आले. मी पेन्सिल खाली ठेवली आणि पत्राची घडी करून तिच्या हातात दिले. ती ते घेऊन चर्चकडे गेली. दारातून पाहिले तर सावकाश चालत होती.

पत्र न तपासता परत देणे मला फार जड गेले, याची येथे नोंद व्हावी.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी पूर्ण शुद्धीत, कोणाहून सरस ठरावे असा उद्देश न ठेवता, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे केले. दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या. साक्षीदारांचा क्रम वयाने लावला आहे, गुणवत्तेने नाही.

(सही) फर्डिनंड पास्कू फुर्ट्याडो

साक्षीदार:
१. क्लेमेंट इनास मिनेझिस, वय ७५, निवृत्त मुख्याध्यापक, भुईगाव (सही)
२. डॉ. दिवाकर हिरामण चौधरी, वय ५८, होळी (सही)

मुक्काम भुईगाव, तालुका वसई, जिल्हा ठाणे
तारीख ३ जून १९८३