कडेला दोरी वळणारा

२ जुलै

...तव्यावर शेवटची भाकरी होती. सडा टाकून झाला होता, शेळी बाहेर बांधली होती, न्हाणीत पाणी तापत होतं. हे ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होते. पंचमीला राजी येणार, तिच्यासाठी झोका. डाव्या हाताची दोन बोटं कडब्याच्या मशीनमध्ये गेलेली, म्हणून दोरीचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचे आणि मान एका अंगाला कलती करून वळायचे. म्हणाले, चहा टाक. मी म्हणाले, भाकरी होऊ द्या. मग चहा टाकला, कप घेऊन बाहेर आले, तर दोरी अंगठ्यातच होती आणि मान तशीच कलती. बाकी कुठं काही हललं नव्हतं.

ती सकाळ अशी कधीही मधूनच सुरू होते. आज तीर्थपुरीहून जालन्याला येताना एसटीतही झाली. पण रोजनिशी तिथून सुरू करायची नव्हती. संध्या म्हणाली, आई, एवढं वाचतेस तर रोज चार ओळी लिहीत जा, मन मोकळं होईल. तर लिहिते.

लेकीचं घर छान आहे. दुसरा मजला, स्वयंपाकघराला खिडकी, खिडकीतून कडुनिंब दिसतो. संध्या दवाखान्यात नर्स आहे. जावई अंगदराव सळईच्या कारखान्यात, त्यांची पाळी बदलत राहते. राजीला शाळेतून आणायला कुणी नव्हतं, म्हणून मला बोलावलं. राजीचं नाव राजनंदिनी, पण ते फक्त शाळेत. तिनं मला दारातच मिठी मारली आणि पिशवीत तिच्यासाठी काय आहे ते आधी पाहिलं. शेंगदाण्याचे लाडू निघाले, तर म्हणाली, आजी, तू राहा. सगळे हसले. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

५ जुलै

राजी शाळेतून आली की दूध पिता पिता टीव्हीवर एक चित्रमालिका बघते. बाहेरच्या देशातली आहे, बोलणं हिंदीत केलंय. नाव ‘उस पार का बाजार’. भाग थोडेच आहेत. तिनं ते सगळे पाहिलेत, तरी पुन्हा पहिल्यापासून लावते. टोपली घेतलेली एक मुलगी घराची वाट चुकते आणि नदीपलीकडच्या बाजारात जाते. गवताचा एक पक्षी तिला वाट दाखवत पुढं उडतो. अंधारी चित्रं आहेत, पण सुंदर. झाडांची पानं पिवळी, दुकानांत कंदील.

संध्या म्हणाली, यात काय काय लपवलंय ते उलगडून सांगणारे लोक फोनवर तासन्‌तास बोलतात. मला एका बैठकीत कळलं. तो बाजार मेलेल्यांचा आहे. त्या मुलीला ठाऊक नाही, एवढंच.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचन किराणा बांधून आलेल्या कागदांवर. ते नेहमी फाटके असायचे, मधला मजकूर गेलेला. कडेच्या ओळींवरून मधलं काय असेल ते ओळखायची सवय लागली. चित्रसुद्धा मी कडेनंच बघते. या बाजारात बसलेल्या प्रत्येकाच्या उजव्या हाताला सूर्य मावळतो, म्हणजे तोंडं दक्षिणेला. कुंभाराच्या प्रत्येक मडक्याला भोक. निघालेला माणूस मागं वळून बघत नाही. हे सगळं त्या परक्या लोकांना कुणी सांगितलं असेल, याचं नवल वाटलं. राजीला काही बोलले नाही. ती गवताच्या पक्ष्याला हसत होती.

९ जुलै

गवताच्या पक्ष्यावरून ह्यांचा दहावा आठवला.

गंगेवर पिंड ठेवला होता. आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. ऊन चढलं तरी कावळा शिवेना. झाडावर होते, पण खाली उतरेनात. पुतण्या रखमाजी पुढं झाला, म्हणाला, काका, वावर बघीन. नाही. दीर म्हणाले, शेळी विकणार न्हाई. नाही. संध्या रडत म्हणाली, आबा, आईला अंतर देणार न्हाई. तरी नाही. माणसं कंटाळली, भात सुकायला लागला. राधेश्याम गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तो पिंडाला टेकवला की झालं म्हणतात. मला ते बरं वाटेना. चाळीस वर्षांचा संसार आणि शेवटी गवताच्या चोचीवर निभावायचं?

मी पुढं झाले. मोठ्यानं म्हणाले, “तुमची राजी तुमच्याकडं आणून देते. आता तरी शिवा.”

कावळा लगेच उतरला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. दीर म्हणाले, वहिनीलाच बराबर ठाऊक होतं त्याच्या मनात काय आहे. मला त्या दुःखातही थोडा अभिमान वाटला, हे खरं. राजी तेव्हा तापामुळं जालन्यातच होती, तिला आबांना बघायला मिळालं नव्हतं.

‘भेटवते’ म्हणायचं होतं. घाईत ‘आणून देते’ म्हणाले. पण अर्थ तोच.

१३ जुलै

मालिकेतल्या बाजारात कडेला एक माणूस बसतो. मागच्या खेपेला नजरेतून सुटला असेल. त्याच्या दुकानात माल नाही. तो दोरी वळतो. तोंड दिसत नाही, मान एका अंगाला कलती.

दोरी वळणारी माणसं जगात पुष्कळ असतील.

१५ जुलै

आज मुद्दाम जवळ बसून पाहिलं. दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात आहे. दुकानावर जे टांगलंय ती फळी आहे, झोक्याची. परवा फळी नव्हती.

राजीला विचारलं, हा कोण गं? ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “आबा. तू त्यांना ओळखलं न्हाई का?”

मी टीव्ही बंद केला. ती चिडली, म्हणाली, चांगला भाग आत्ता येणार होता.

१७ जुलै

संध्याला सुटी होती. तिला शेजारी बसवलं. कडेला बघ म्हणाले. तिनं पुन्हा मागं नेऊन पाहिलं. तिला रिकामी भिंत दिसते. मला तो दिसतो. राजी आमच्या दोघींकडं बघून गालात हसत होती, एखादं गुपित एकटीलाच ठाऊक असल्यासारखी.

संध्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, आई, आबांची आठवण येते तुला, चालायचंच. तेव्हाच सांगायला हवं होतं की मी पिंडापुढं काय बोलले. तिनंही ऐकलं होतं ते, पण विसरली असावी. लेकरू तिचं. शब्द माझा. तोंड उघडलं आणि विचारलं, भाजी कोणती करू.

२० जुलै

राजी जेवायला बसते तेव्हा ताट उचलून जागा बदलते. तोंड दक्षिणेला. मी पुन्हा वळवून बसवते. ती पुन्हा फिरते. अंगदराव चेष्टेनं म्हणाले, आमच्या राजीला हवापालट लागतो. सगळे हसले.

मी नाही हसू शकले.

२२ जुलै

राजीला ताप. संध्यानं औषध दिलं, साधाच आहे म्हणाली, गावभर साथ आहे. दुपारी तिची वेणी सोडली तर केसांत अंबाडीचा धागा. लांब, ओला, वळलेला. या घरात अंबाडी नाही. मी येताना आणली नाही. ह्यांची अर्धवट वळलेली दोरी मीच त्यांच्याबरोबर चितेवर ठेवली होती.

धागा चुलीत — गॅसवर जाळला. वास तसाच, ओट्यावरचा.

२३ जुलै

टीव्ही बंद करून रिमोट कपाटात ठेवला. राजीचा हट्ट नाही. अंथरुणात पडून ती पुढचे भाग सांगते, जे कुणी बनवलेच नाहीत. टोपलीवाली मुलगी घरी गेली म्हणे. आता बाजारात दुसरी मुलगी येणार आहे. झोका झालाय. तिच्यासाठी रिकामा ठेवलाय, दुसऱ्या लेकरांना आबा बसू देत नाहीत.

मी विचारलं, त्या मुलीनं यायलाच पाहिजे का.

म्हणाली, “आजी, तूच तर सांगितलंस ना त्यांना.”

तिला कुणी सांगितलं? ती तिथं नव्हती.

२४ जुलै

राधेश्याम गुरुजींना फोन केला. काय बोलले होते ते सांगितलं. ते आधी हसले, दहाव्याला लोक काय काय बोलतात म्हणाले. मग मी बाकीचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, “बाई, पिंडापुढं बोललेलं परत घेता येत न्हाई. फेडता येतं.”

विचारलं, तिच्या जागी मी गेले तर?

म्हणाले, विचारून बघा त्यांनाच.

२५ जुलै

ताप उतरत नाही. दवाखान्यात रक्त तपासलं, काही निघत नाही. संध्या रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, आई, तू आहेस म्हणून धीर आहे.

माझा हात तिच्या केसांवर. तो हात मला —

सांगितलं नाही. आजही नाही.

२७ जुलै

एकटीच गंगेवर जाऊन आले. संध्याला म्हणाले, गावी कागदावर सही करायची आहे. भात शिजवून नेला होता. पिंड केला, तीळ घातले, त्याच जागी ठेवला. झाडावर कावळे होते.

म्हणाले, मी येते. लेकरू सोडा. आत्ता येते, पाण्यात उतरते, चहा द्यायला उशीर केला त्याचीही भरपाई होईल.

कावळे बघत होते.

पाण्यात गुडघ्याएवढी गेले. म्हणाले, चाळीस वर्षं तुमचं ऐकलं, एवढं माझं ऐका. एक कावळा खाली आला. पिंडाभोवती फिरला. चोच पुढं केली, माझ्याकडं पाहिलं आणि उडून गेला. मग सगळेच उडाले.

भात सुकेपर्यंत बसले. मी त्यांना नको आहे.

२८ जुलै

उद्या पंचमी. राजी सकाळपासून उठून बसलीय, ताप नाही. संध्या आनंदली, कामावर गेली. ती जाताच राजी गार. हात गार, पाय गार. खिडकीशी उभी. कडुनिंबाकडं बघते. फांदीला काही नाही, मी दहादा पाहिलं. ती मात्र मान वरखाली करते — झोक्याबरोबर.

म्हणते, आबा इथं आले तर आई घाबरेल. आपणच जाऊ.

‘भेटवते’ म्हणायचं होतं मला. नुसती भेट. लांबून दाखवायची आणि परत आणायची. एकदा शब्द पुरा झाला की — भेट म्हणजे भेटच. त्यांचा जीव होता तिच्यावर. ते तिला काही —

संध्या कामावरून आल्यावर तिला म्हणाले, उद्या राजीला राजूरला गणपतीच्या दर्शनाला नेते, आजारातून उठलीय. ती म्हणाली, बरं होईल आई, ने. पाया पडली माझ्या.

माझ्या पाया पडली.

२९ जुलै

हात चालत नाही. साधंच लिहिते.

सकाळी राजीची वेणी घातली. पंचमीचा नवा फ्रॉक. बांगड्या. शेंगदाण्याचा लाडू तिच्या मुठीत. राजूरची गाडी उभी होती, तिच्यापुढून आम्ही तीर्थपुरीच्या गाडीत चढलो. वाटेत ती गात होती. मी तिचा हात धरला होता. गंगेवर येईपर्यंत धरला होता. काठावर झाडाला झोका —

तिनं मागं वळून बघितलं नाही. मी हाक मारली. मारली होती, हे देवाशपथ खरं.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, किती. मी म्हणाले, एक —